चिपवाल्या कंपनीचं स्थळ

कुंदाकाकू माझ्या घरमालकीण. पण जबलपूरच्या मराठी लोकांत त्यांना चौकशीवाल्या काकू म्हणूनच ओळखतात. मुलगी नागपूरला द्यायची असो, इंदूरला की ग्वाल्हेरला, स्थळ आलं की लोक आधी राइट टाउनला काकूंकडे येतात. काकू फोन लावतात, ओळखीतून ओळखी काढतात आणि द्या किंवा देऊ नका, एवढंच सांगतात. त्याबद्दल काही घेत नाहीत. लोक याला समाजसेवा म्हणतात. मी खोड म्हणतो, आणि त्यांच्या तोंडावर म्हणतो.

त्यांच्याकडे खोटं खपत नाही. एकदा मुलाकडच्यांनी त्याचा चष्मा लपवला, तर काकूंनी साखरपुडा झालेलं लग्न मोडायला लावलं. आणि सगळं पसंत पडलं तरी मुलीच्या बापाला त्या शेवटी एक प्रश्न विचारतातच. नाही पटलं तर पोर परत येईल, दार उघडाल ना? बाप जरा घुटमळला की काकू त्या घरासाठी पुन्हा फोन उचलत नाहीत.

मी अनुपम, बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलीवर आलेला, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. गेल्या मे महिन्यात एका रविवारी भरदुपारी त्यांनी मला खाली बोलावलं आणि तनयच्या खोलीत बसवलं, कारण कॉम्प्युटर तिथे आहे. तनय त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला इंजिनिअर. त्या खोलीतला कूलर दोन उन्हाळे बंद आहे. दुरुस्त करून घ्या म्हणून मी सांगून थकलो, पण काकूंचं उत्तर ठरलेलं, "कोण राहून राहिलं त्या खोलीत?" मला उकाडा सोसत नाही. मी चिडूनच बसलो होतो.

"तनयच्या कंपनीचा शेअर घ्यावा का?" काकूंनी विचारलं. "काकांच्या फंडाची एफडी मोड म्हणते तो. आता स्वस्त आहे, पुढे सोनं होईल म्हणते."

काका गेल्यापासून काकूंचं घर त्या एफडीच्या व्याजावर चालतं. त्यामुळे चिडचिड बाजूला ठेवून मी कॉम्प्युटर सुरू केला. तनयची कंपनी अमेरिकन, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणारी. एके काळी या धंद्यात तिच्यापुढे कोणी उभं राहत नसे. आता तिचा शेअर निम्म्याच्याही खाली घसरला होता. मी काकूंना नफा-तोटा वाचून दाखवायला लागलो.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "आकडे म्हणजे मुलाचा फोटो. फोटो काय, पावडर लावूनच काढतात. घराणं चांगलं होतं तर बिघडलं काहून?"

मी वाचून सांगितलं. मोबाइल आले तेव्हा या कंपनीला वाटलं, एवढ्याशा फोनच्या चिपेत काय ठेवलंय. दुसऱ्यांनी त्या बनवल्या, बनवता बनवता हात बसला आणि ते पुढे निघून गेले.

"अच्छा. म्हणजे माज," काकू म्हणाल्या. "आता कर्ता कोण आहे?"

"नवा आणलाय. बाहेरचा."

"जुना निघाला का काढला?"

हे मला माहीत नव्हतं. शोधलं तर दोन बातम्या सापडल्या, दोन्ही वेगळ्या. मग जुनी गिऱ्हाइकं कोणती गेली, हा प्रश्न आला. एक मोठं गिऱ्हाईक गेलं होतं आणि आता स्वतःच्या चिपा स्वतःच आखत होतं. नवे कारखाने अर्धवट उभे होते, आणि त्यांना तिकडच्या सरकारनं पैसा दिला होता.

"सरकार काहून देते?"

"चिपा आपल्याच देशात बनाव्यात म्हणून."

"मग बुडू देणार नाही."

"बुडू न देणं वेगळं आणि शेअर वर जाणं वेगळं, काकू."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. खरं सांगतो, मलाही आता चटक लागली होती. दहा मिनिटांत पळायचं म्हणून आलेला मी, शर्ट पाठीला चिकटला तरी उठलो नाही. ही कंपनी आजारी आहे की नुसती थकलीय, हे मला कळायलाच हवं होतं. जितकं वाचावं तितकं दोन्हीकडून पटत होतं. कारखाने चालले तर शेअर दुप्पटही होईल. नाही चालले तर आहे ते सगळं कारखान्यांतच जाईल.

"जास्तीचा पैसा असता तर थोडे घ्या म्हटलं असतं," मी शेवटी म्हणालो. "एफडी मोडून नाही."

"थांब जी. चौकशी कुठे झाली अजून?" काकू म्हणाल्या. "घरच्यांनी सांगितलेलं ऐकायचं नसते. घरातून निघालेल्यांना विचारावं लागते. आणि घाई कोण करून राहिलं तेही पाहावं लागते." एवढं बोलून त्यांनी चौकशीची डायरी पुढे ओढली. "तनयच घाई करून राहिला. याच महिन्यात घे म्हणते."

त्यांनी अवंतिकाला फोन लावला. अवंतिकाचं लग्न काकूंच्याच चौकशीनं जमलेलं. तिचा नवरा आलोक बंगळुरूला त्याच कंपनीत होता, तो नुकताच तिथून निघाल्याचं काकूंच्या कानावर आलं होतं. डायरी भरायला हात मोकळे हवेत, म्हणून काकू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"आलोकनं नोकरी काहून सोडली गं?"

"सोडली कुठे काकू, काढलं ना. मार्चमध्ये पूर्ण टीमच काढली," अवंतिका म्हणाली. "तनयभैया पण त्याच दिवशी..." ती थबकली. "भैयांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

काकूंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "आलोकला मिळाली का दुसरी?" त्यांनी विचारलं.

"मिळाली, कमी पगाराची. भैया अजून शोधून राहिले. त्यांचं सगळं सेव्हिंग त्या शेअरमध्येच आहे ना काकू. वर आल्याशिवाय विकणार नाही म्हणतात."

काकूंनी आलोकची, तिची, मुलाची खुशाली विचारली आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. तनयचा रागही आला आणि कीवही आली. आपण चुकलो नाही, हे त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि त्यासाठी त्याला आईच सापडली होती.

मी उठायला लागलो. काकूंनी हातानंच मला बसवलं आणि तनयला फोन लावला.

"तुझ्या कंपनीची चौकशी झाली," त्या म्हणाल्या.

"मग? घेऊन राहिली ना, आई? अभी सही टाइम है."

"नाही घेत. उठेल बी तुझी कंपनी, अनुपम म्हणते. पण मी एफडी नाही मोडत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अवंतिकाशी बोलली मी."

तनयचा आवाज एकदम उतरला.

"आई, मी सांगणार होतो. नोकरी लागली की..."

"ऐक," काकू म्हणाल्या. "जन्मभर मी दुसऱ्यांना विचारत आली, पोर परत आली तर दार उघडाल का. तुला सांगायचं राहूनच गेलं."

मग तनयनं विचारलं, "माझ्या रूममधला कूलर चालतो का?"

"चालते ना," काकू म्हणाल्या. "मस्त चालते."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि त्या खिडकीतल्या कूलरकडे पाहत बसल्या. मीही पाहत होतो.

"अनुपम," त्या म्हणाल्या, "नेपियर टाउनचा तो कूलरवाला रविवारी दुकान उघडते का?"