घडीवर दोनदा नख

सेटवर तिला नावाने कुणी हाक मारलीच नाही. "हात आले का?" असं ओरडायचे, आणि ही कपड्यांच्या खोलीतून तोंडात टाचण्या धरून पळत यायची. खरं काम शिवणाचं. पण हिंदी सिनेमातल्या त्या मोठ्या नायिकेला, म्हणजे मॅडमना, एका दिवसात तीन सेट गाठायचे असत. चेहऱ्याचे शॉट झाले की त्या गाडीत बसायच्या, आणि मागे उरायचं पत्र उघडणं, सुई ओवणं, कुलूप लावणं. या शिंपिणीचे हात मॅडमच्या हातांसारखेच लांबट. मग मॅडमची अंगठी चढवून तेच कॅमेऱ्यासमोर ठेवायचे. अशी बावीस वर्षं गेली.

नवरा म्हणायचा, "हात सिनेमाला दिलेस, तोंड तेवढं माझ्या वाट्याला ठेवलंस." ते चालायचं. पण मुलीने शाळेत "पडद्यावरचे हात माझ्या आईचे आहेत" असं सांगितलं, तेव्हा मास्तरांनी थापाडी म्हणून तिला तासभर उभं केलं. त्यानंतर मुलीने तो विषय काढला नाही. आता ती पन्नाशीला टेकली, तरी नाही. आईच्या मनातून मात्र तो तास कधी संपला नव्हता.

मॅडम जाऊन दोन वर्षं झाली आणि चित्रपट संग्रहालयातली एक बाई लॅपटॉप घेऊन घरी आली. मुलीने खुर्ची पुढे केली.

"आम्ही मॅडमच्या कारकिर्दीवर फिल्म करतोय," संग्रहालयवाली म्हणाली. "एक अख्खा भाग त्यांच्या हातांवर आहे. त्यांचे हात बोलायचे म्हणतात ना! त्यातला एक तरी शॉट नक्की तुमचा असं दाखवलंत, तर शेवटी तुमचं नाव देता येईल. पण नक्की हवं हं."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हातारी म्हणाली आणि चष्मा पुसून बसली.

पहिला शॉट सुई ओवण्याचा. "ही मी." मग पुढे वाकली. "थांबा हं. मॅडम असतील. परत लावा बघू." परत लावला. आता तर दोघींपैकी कुणाचेच वाटेनात. तिच्या अंगठ्यावर इस्त्रीचा जुना डाग होता; पण मेकअपवाला रोज सर्वांत आधी तोच झाकायचा. ओळख पटवायला एकच खूण, तीही जिथल्या तिथे पुसलेली! कुलूप झालं, पत्र झालं, चहाचा कप झाला. म्हातारीचं डोकं पार गरगरायला लागलं. स्वतःचे हात ओळखता येत नाहीत, हे सांगायचं तरी कुणाला?

मग एका शॉटमध्ये हातांनी पत्राची घडी घातली आणि अंगठ्याचं नख घडीवरून दोनदा फिरवलं. म्हातारी उडालीच. "ही मी! नख बघा. कापडाची घडी बसावी म्हणून मी असंच करते. शिवणाऱ्याची सवय ती."

संग्रहालयवालीचा चेहरा पडला. "अहो, हीच तर मॅडमची लकब. नंतरच्या किती नट्यांनी उचलली!" तिने मॅडमचा शेवटचा सिनेमा लावला. तेच नख, तसंच दोनदा; आणि कॅमेरा कुठेही न तुटता हातांवरून वर सरकत गेला. वर मॅडमचा चेहरा होता.

म्हातारी आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिली. म्हणजे सवय त्यांची, आणि आपण उचलली? की उलट? मग हळूहळू आठवलं, तसं ती सांगत गेली: मॅडम एकदा कपड्यांच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. "तू हे नख काय फिरवतेस गं? मला दाखव." मग तिच्याकडून रुमालावर चार-पाचदा करून घेतलं होतं. पण ते कधी? पत्राच्या शॉटआधी की नंतर?

"आई, आठव ना," मुलगी म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच या विषयावर बोलत होती.

आता एक "हो" म्हटलं असतं तर काम झालं असतं. तपासायला कोण येणार होतं? पण थापाडी हा शब्द घरात एकदा येऊन गेला होता.

"नाही गं आठवत. नक्की म्हणून सांगता येत नाही," म्हातारी म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

संग्रहालयवालीने नाव देण्यासाठी आणलेला कोरा फॉर्म मुलीने परत द्यायला टेबलावरून उचलला. त्याची घडी घातली, घडीवरून अंगठ्याचं नख दोनदा फिरवलं आणि कागद पुढे केला.

संग्रहालयवालीने तो घेतलाच नाही. "हे कुठे शिकलात तुम्ही?"

"काय?" मुलगी गोंधळली. "कुठे काय शिकले?"

संग्रहालयवालीने मग कागद घेतला, घडी उलगडली आणि शॉट नंबरची जागा मोकळी ठेवून खाली एक ओळ लिहिली. मुलीने ती मोठ्याने वाचली. आधी आईचं पूर्ण नाव होतं, पुढे लिहिलं होतं, "यांच्याकडून मॅडम हातांचं काम शिकल्या."

"अगं, मी कुठे शिकवलं?" म्हातारी चाचरत म्हणाली. "रुमालावर चार-पाचदा केलं फक्त. हे खरं आहे ना पण? मास्तर..."

"आई, गप्प बस," मुलगी म्हणाली आणि उभी राहून तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.