पेनाने लिहिलेला अल्पाका

चि. ओजस आणि चि. रेवा,

तुमच्या नागपूरच्या आजोबांनी तुम्हाला सांगितलेली हकिकत खोटी आहे.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं खिदळत विचारत होतात, "आजी, आईबाबांचं लग्न म्हणे शब्दकोड्यामुळे ठरलं? आणि तू म्हणे हरलीस?" नागपूरच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे मी 'मोठ्या मनाने चूक मान्य केली'. मी! तीस वर्षं मुलींच्या वह्या लाल पेन्सिलीने तपासलेल्या बाईकडे एवढं मोठं मन येणार कुठून? तेव्हा जे घडलं ते क्रमाने लिहिते. (क्रमाने, हे महत्त्वाचं. तुमची आई सांगू लागली तर आधी लग्न होईल, मग चहा होईल आणि सगळ्यात शेवटी पाहुणे येतील.)

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. आम्ही तेव्हाही काशीला, याच दुर्गाघाटावरच्या घरात राहत होतो. इंग्रजी अखबार दिल्लीहून रेल्वेने यायचा आणि गल्लीबोळ पार करत दुपारी आमच्या दारात पडायचा. बरोबर चार वाजता मी चहाचा कप, टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि शब्दकोश घेऊन शब्दकोड्याला बसायची. चार ते पाच या वेळात घरात कोणी आजारीसुद्धा पडायचं नाही, असा नियम होता.

आणि काय काय शिकवलं मला त्या कोड्यांनी! मी स्वतः प्रयागच्या पलीकडे फारशी गेले नव्हते, पण युरोपातल्या नद्या, रोमचे सम्राट, न उडणारे पक्षी, सगळं मला पाठ होतं, आणि तेही किती अक्षरांचं ते धरून. तुमचे आजोबा पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. ते येईल त्या माणसाला सांगत, "हिला पेरू देशाची राजधानी ठाऊक असते. टोपलीतले पेरू सडले, ते मात्र मला सांगावं लागतं."

तर जानेवारीत नागपूरहून अण्णासाहेब आले. बँकेतून निवृत्त, भारदस्त, सोबत पत्नी कुसुमताई आणि मुलगा मिलिंद, म्हणजे तुमचे बाबा. आमच्याकडे देशावरची मराठी माणसं यात्रेला येऊन राहत, त्यामुळे वरकरणी ही मंडळी गंगापूजनासाठी आली होती. आतून ती माधवीला, म्हणजे तुमच्या आईला, पाहायला आली होती. हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि दोन्ही घरं 'गंगापूजन, गंगापूजन' म्हणत होती. तीन दिवस राहायचं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने जायचं आणि निघण्यापूर्वी होकार की नकार ते सांगायचं, असं ठरलं होतं.

तुमच्या आईचं उत्तर पहिल्याच दिवशी ठरलं. मिलिंदला घाट दाखवायला म्हणून गेली ती दोन तासांनी परतली.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"आई, कोहरा किती होता! रस्ताच दिसत नव्हता."

या गल्ल्यांत जन्मलेल्या मुलीला रस्ता दिसत नव्हता! मी काय ते समजले, आणि मनात म्हटलं, आता या घरात तीन दिवस एकही चूक होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी चारला मी चहा घेऊन बाहेर आले, तर माझ्या खुर्चीत अण्णासाहेब बसलेले. मांडीवर माझा अखबार. हातात पेन. शाईचं पेन!

"वहिनी, तुम्हालाही शौक आहे वाटतं?" ते म्हणाले. "मी रोज सोडवतो. पेनाने. पेन्सिल म्हणजे माणसाला स्वतःवर भरवसा नाही, असं माझं मत आहे."

मी हसले. मुलीची आई होते ना. हसत हसतच त्यांच्या खांद्यावरून डोकावले. आडवा शब्द होता अँडीज पर्वतातल्या लोकरीच्या प्राण्याचा. इंग्रजीत सहा अक्षरी, शेवटचं अक्षर 'ए'. त्याला छेदणारे बाकीचे उभे शब्द कोरेच होते. आणि अण्णासाहेबांनी ठळक निळ्या शाईत लिहिलं होतं: अल्पाका.

मला दिसला विकुन्या. तोही सहा अक्षरी, तोही 'ए'वर संपणारा, आणि त्याची लोकर जगात सर्वांत तलम! मी गप्प बसले. जेवणाची ताटं मांडेपर्यंत गप्प बसले. (माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब चुप्पी. सव्वातीन तास.) पण वरणभात कालवताना अण्णासाहेबच म्हणाले, "काय वहिनी, कोडं कसं वाटलं आमचं?"

"छान," मी म्हणाले. "एक शब्द चुकलाय तेवढा."

माधवीच्या हातातली तुपाची वाटी हवेत थांबली. कुसुमताईंनी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीकडे पाहिलं.

"कोणता?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"अल्पाका. तिथे विकुन्या हवा."

"छे हो बाप्पा! लोकर म्हटली की अल्पाका. माझा एक कोट होता अल्पाकाचा."

"कोट असेल. शब्द विकुन्याच आहे."

आमच्यात मुलीच्या आईने व्याह्याला 'आणखी थोडी पुरणपोळी?' याखेरीज काही विचारायचं नसतं, आणि मी होऊ घातलेल्या व्याह्याला भर पंगतीत नापास केलं होतं!

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगापूजन. अण्णासाहेब पक्के नागपूरकर, त्यामुळे पूजा भोसले घाटावरच हवी. आम्ही नावेतून निघालो. कोहऱ्यात हात पुढे केला तर हात दिसत नव्हता, पण अण्णासाहेबांचा आवाज स्वच्छ येत होता. "विकुन्या आकाराने केवढा असतो, सांगा बरं!"

"अल्पाकाहून लहान."

"मग लोकरही कमी!"

नाववाल्याने वल्हं थांबवलं. "माताजी, ई भेड़ है कि बकरी?"

"उंटाच्या जातीचा आहे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तीन दिवसांत आमचं एकमत झालं ते एवढंच.

घाटावर गुरुजींनी संकल्प सुरू केला. अण्णासाहेबांच्या ओंजळीत पाणी. "यजमान, गोत्र सांगा," गुरुजी म्हणाले. अण्णासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवाय अल्पाका पाच हजार वर्षांपासून..." आणि ओंजळीतलं सगळं पाणी गळून गेलं. गुरुजींनी पुन्हा पाणी दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुरुजी म्हणाले, "यजमान, गंगामाईत पाणी भरपूर आहे, पण मला दुसरीकडेही जायचंय."

घरी परतल्यावर मी शब्दकोश काढला. शब्दकोशात दोन्ही प्राणी होते. दोघेही अँडीजमधले, दोघांनाही लोकर. असला शब्दकोश काय कामाचा! निकाल लागायचा तो त्या दिवशीच्या अखबारात छापलेल्या कालच्या कोड्याच्या उत्तराने, आणि अखबाराची गाडी कोहऱ्यात कुठे तरी अडकून पडली होती. अखबार उद्या, दोन दिवसांचा एकदम, असा निरोप आला.

साडेतीन वाजता माधवीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, कुसुमकाकू सामान बांधतायत. काका कुणाशी बोलत नाहीयेत. मिलिंद म्हणाला, बाबा सकाळपासून फक्त 'कमाल आहे' एवढंच म्हणतायत."

"कमालच आहे. साधा विकुन्या येत नाही माणसाला."

"आई!" तिचे डोळे भरले होते. "तुला जावई हवाय की ते जनावर हवंय? एकदा सांगून टाक."

"अगं, पण बरोबर काय आहे ते तरी..."

"मला पसंत आहे तो. बस. अब तू देख."

रागावली की ती हिंदीत जायची. पण या वेळी ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. लहानपणी तापातसुद्धा कधी रडली नव्हती ही पोर. मी पदर खोचला, चहा केला आणि बाहेर गेले. (चार वाजायला पंधरा मिनिटं कमी होती. बरोबर चारच्या चहाचा नियम मोडला.)

"अण्णासाहेब," मी म्हणाले, "मी रात्रभर विचार केला. शब्दकोशही पाहिला. माझंच चुकलं. शब्द अल्पाकाच आहे."

माझ्या मागे काहीतरी आपटलं. यांच्या हातातली पोथी पडली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांनी प्रथमच ऐकले होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर गेले होते!

अण्णासाहेब उठून उभे राहिले. गहिवरले. खरोखर गहिवरले.

"कुसुम, ऐकलंस? स्वतःची चूक एवढ्या प्रांजळपणे कबूल करणारी माणसं आजकाल कुठे भेटतात? वहिनी, रागावू नका, पण सकाळपर्यंत मला वाटत होतं, आई इतकी हट्टी, तर मुलगी कशी असेल? आता शंका नाही. अशा सरळ, खऱ्या घरातली मुलगी आम्हाला हवीच!"

म्हणजे पाहा! मी धादांत खोटं बोलले, आणि प्रांजळपणाबद्दल माझी मुलगी पसंत झाली. माधवी दाराआडून हसत होती आणि डोळे पुसत होती. मी पेढे वाटले, औक्षण केलं, पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आले. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. लेकीसाठी आयांनी काय काय सोडलं असेल, पण बरोबर आलेलं उत्तर सोडणारी मी पहिलीच!

दुसऱ्या दिवशी दोन अखबार एकदम आले. मी चहा घेतला, चष्मा पुसला. लग्न पार पडू दे, बारसंही होऊ दे, मग नागपूरला एक छोटंसं, सभ्य पत्र टाकायचं, असा बेत होता. मी उत्तरांचा चौकोन काढला.

अल्पाका.

मी ते परवाचं कोडं पुन्हा काढलं. सूचनेत एक शब्द होता, जो मी वाचलाच नव्हता: पाळीव. विकुन्या रानात राहतो. अल्पाका माणसं पाळतात. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' हे तीस वर्षं फळ्यावर लिहिणारी मी!

तुमचे आजोबा माझ्या खांद्यावरून डोकावले. त्यांनी सूचना वाचली, उत्तर वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे तू खोटं बोललीस, ते खरं होतं."

हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नाही. ते कोडं वाळवीने खाल्लं. अण्णासाहेबांचं ते पेन प्रवासात हरवलं. उरलंय ते तुमच्या आईबाबांचं लग्न, आणि ते ठणठणीत आहे. मी आयुष्यात एकदाच खोटं बोलून उभं केलेलं, आणि तेही मला धड खोटं बोलता आलं नाही.