‘प्रोग्राम चालत नाही, मदत करा’

माझ्या प्रश्नाचा प्रिंटआउट टीम लीडरनं नोटीसबोर्डवर लावला होता. इंग्रजीच्या चुकांभोवती लाल गोल. अकरा. मी मोजले. सगळ्यांसमोर उभी राहून मोजले.

नोएडातलं ऑफिस. माझी पहिली नोकरी, अजून कायम न झालेली. माझा प्रोग्राम मधूनच बंद पडत होता. इंटरनेटवर एक फोरम होता, अनोळखी प्रोग्रामर तिथं एकमेकांच्या अडचणी सोडवायचे. तिथं मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: सर, प्रोग्राम चालत नाही, मी मूर्ख आहे, कृपया लवकर मदत करा. खाली माझं नाव, आडनावासकट.

टीम लीडर मराठीच. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “कोट्यातून इंजिनिअर झालं की असंच होतं यार. आधी इंग्लिश शिक, मग कम्प्युटर.”

शेवटचं वाक्य हिंदीत पुन्हा म्हणाला. सगळ्यांना कळावं म्हणून. हशा. हसणाऱ्यांतल्या दोघींबरोबर मी रोज डबा खायचे.

मीही हसले. किळस येते ती त्या हसण्याची. त्यांच्यापेक्षा जास्त माझ्या हसण्याची.

कागद काढून मी दिल्लीत मुनिरक्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आणला. पुन्हा वाचला. प्रश्न वाईटच होता. चालत नाही म्हणजे काय? कुठं अडतो? काहीच सांगितलं नव्हतं. नुसते हात जोडले होते. बाप तहसील कचेरीत जोडायचा तसे. पण अकरातला एकही गोल या चुकीभोवती नव्हता. त्याला प्रश्न सुधारायचाच नव्हता.

शनिवारी ऑफिस रिकामं. मी सहाशे ओळींचा प्रोग्राम कापत बसले. एक तुकडा काढायचा, चालवून बघायचं, अजून बंद पडतो का. शेवटी चौदा ओळी उरल्या, काही माझ्या, काही एका फंक्शनच्या, म्हणजे ऑफिसात सगळे वापरायचे त्या तयार तुकड्याच्या. तेवढ्याच टाकल्या. कोणतं मशीन, प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा कोणता कम्पायलर, काय व्हायला हवं, काय होतंय, काय काय करून पाहिलं. एरर अक्षरन् अक्षर. सर नाही. मूर्ख नाही.

सोमवारी उत्तर आलं. कुठल्या तरी देशातला माणूस. ‘तुमच्या ओळी बरोबर आहेत. तुम्हाला दिलेलं फंक्शन चुकीचं आहे. लांब नाव आलं की कोसळतं.’

ते फंक्शन टीम लीडरनं लिहिलेलं होतं.

फोरमवरचं उत्तर त्यानंही वाचलं होतं. मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज एकदम गोड. “अगं, आपण मराठी माणसं. मॅनेजरला मेल टाक, चूक तुझी होती आणि ती मी शोधून दिली, असं. तुझं कन्फर्मेशन मी बघतो.”

आत्ता आम्ही ‘आपण’ झालो होतो.

“नाही,” मी म्हणाले. “चूक तुमची आहे. तसंच लिहीन.”

लिहिलं. फोरमच्या उत्तरासकट.

मला कायम केलं नाही. कारण दिलं, संवादकौशल्य कमी.

पुढं दुसरीकडे लागले. फोरमवर अजून जाते, आता उत्तरं द्यायला. कुणी अर्धवट प्रश्न विचारला तर काय राहिलं ते सांगते. आणि कुणी त्याच्या भाषेला हसलं, तर त्या हसणाऱ्याला तिथंच धरते. उत्तर येतं का तुला? येत असेल तर दे. नसेल तर तोंड बंद ठेव. मी इथंच आहे.