वहिनीसाठी पाणी शोधताना

आमच्या उस्मानाबादला समुद्र नाही याची मला कधी खंत वाटली नव्हती. वहिनी घरात आली आणि ती वाटू लागली. ती रत्नागिरीकडच्या एका बंदराच्या गावची. आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यावर बांधकाम खात्याने दादाला काही महिने तिकडे पाठवलं होतं, तिथेच त्यांचं लग्न जमलं. सकाळी केर काढून झाला की ती अंगणात उभी राहायची आणि आभाळाकडे बघायची.

"वन्सं, इथे वारा कुठून येतो हो?" एकदा तिने मला विचारलं.

"सगळीकडून," मी म्हणाले.

"म्हणजे कुठूनच नाही," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. आमची मैत्री बहुधा तिथेच झाली.

माझं शिक्षण हैदराबादला कॉन्व्हेंटात झालं होतं. शाळा संपवून घरी आले तेव्हा गल्लीतल्या मुली माझ्याशी जपून बोलायच्या आणि मी त्यांच्याशी त्याहून जपून. पाहुणे आले की मी माजघरात जायची. तिथून सगळं दिसायचं, ऐकू यायचं आणि कुणी काही विचारत नसे. वहिनी मात्र तिथे येऊन बसायची आणि आत्ता उठून गेलेले पाहुणे कसे बोलले, कसे खोकले, ते करून दाखवायची. तोंडात पदर कोंबून मला हसावं लागायचं.

दसऱ्याच्या सुमारास दादाच्या साहेबांनी त्याला विचारलं, कोकणात एक जागा रिकामी होणार आहे, हवी असेल तर पावसाळ्याआधी सांगा. दादाने जेवताना ही गोष्ट काढली आणि वहिनीकडे बघून म्हणाला, "तू म्हणशील तसं करू."

आई भाकरी थापत होती. वर न बघता ती म्हणाली, "जायचं त्यांनी जावं. मी हे घर सोडून कुठं यायची न्हाय."

म्हणजे आई आणि मी इथे, वहिनी तिथे. वहिनी दादाला भाकरी वाढायला उठली. त्या रात्री झोपण्याआधी मी एक गोष्ट ठरवली. तिला पाण्याची आठवण येते ना, मग आपल्याकडचं जेवढं पाणी आहे तेवढं तिला दाखवायचं.

दादाला बरोबर घेऊन सुरुवात हातलाईच्या डोंगरापासून केली. गावातून चालत जाता येतं. वर देवीचं देऊळ, खाली तळं, काठावर बगळे. उन्हं कलल्यावर तळ्यावर तांबूस रंग उतरतो तो मला फार आवडायचा. वहिनीने तळ्याकडे नीट पाहिलं. "छान आहे हं," ती म्हणाली. दुसऱ्याच्या घरी वाढलेली भाजी छान आहे म्हणावं, तसं.

दिवाळीनंतर नळदुर्गला गेलो. तुळजापूरला एस्टी बदलली आणि दोन्ही गाड्यांत खिडकीची जागा मी वहिनीला दिली. पाऊस बरा झाला होता, त्यामुळे किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी या दोन्ही धबधब्यांचं पाणी अजून पडत होतं. बंधाऱ्याच्या पोटात एक लहानसा महाल आहे. त्याच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी समोरून कोसळतं आणि तुषार तोंडावर येतात. मी मुद्दाम मागे राहिले आणि तिला खिडकीत पुढे उभं केलं. दादा दगड कसे सांधलेत ते समजावत होता. ते कुणीच ऐकत नव्हतं.

"हे पाणी पुढे कुठे जातं?" वहिनीने विचारलं.

"ही बोरी नदी. पुढं भीमेला मिळते. भीमा कृष्णेला," दादा म्हणाला.

"आणि कृष्णा?"

"पूर्वेच्या समुद्राला."

"म्हणजे आमच्याकडे नाहीच," वहिनी म्हणाली आणि खिडकीतून बाजूला झाली. परतताना तिने डोळे मिटून घेतले होते. ती झोपलेली नाही हे मला दिसत होतं. दादाला ते कळलं नाही.

मी हट्ट सोडला नाही. संक्रांत झाल्यावर आम्ही परंड्याला गेलो, कारण तिथल्या किल्ल्याला खंदक आहे. खंदकात शेवाळ होतं आणि चार म्हशी बसल्या होत्या. तिथून सोनारीला काळभैरवाचं दर्शन घ्यायला गेलो. देवळाच्या आवारात वानरांची झुंड होती. एका वानराने वहिनीच्या हातातली दशमी अलगद काढून घेतली आणि भिंतीवर बसून सावकाश खाल्ली. बाजूला नारळ विकणारी बाई म्हणाली, "देवाची माणसं हायती बाई ती. तुमची दशमी पसंत पडली त्यास्नी."

"मग चटणी पण द्या त्यांना," वहिनी म्हणाली आणि त्या बाईशेजारीच बसली. दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. घरी येईपर्यंत वहिनी खुशीत होती. मला वाटलं, खंदक आवडला असावा.

एव्हाना दादाला साहेबांना उत्तर द्यायचे दिवस जवळ आले होते. चैत्री पुनवेला येरमाळ्याची यात्रा असते. आई दरवर्षी येडेश्वरीला जायची, या वेळी आम्ही सगळेच गेलो. तिथे दाखवण्याजोगं पाणी नव्हतं आणि मी मनातून हरलेच होते.

दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईत जाते. वाटेत एक रान आहे, काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे विखुरलेले. यात्रेला आलेली माणसं ते खडे वेचतात आणि एका जागी ढीग घालतात. त्या चुन्याने देवीच्या देवळाला रंग देतात. बायका, पुरुष, कडेवर मुलं घेतलेल्या आया, सगळे वाकलेले. आम्ही कडेला उभे होतो. मला गर्दीत शिरायचं नव्हतं आणि वहिनी आईच्या पाठीमागे होती.

कळंबकडच्या एका बाईने वहिनीला पाहिलं. "हुभी का गं? वाक की. आईचं देऊळ काय आपुआप पांढरं व्हतंय?"

वहिनी वाकली.

"कुठली म्हनायची तू?"

"समुद्राकडची."

"तितं काय येचता?"

"शिंपले. ते भाजून चुना करतात."

"मग तुला काय शिकवायचं? ह्यो बी चुनाच. चल बिगीबिगी, पालकी आली."

वहिनीने पदर खोचला आणि त्या बाईमागे रानात गेली. थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली. आईचा चेहरा उतरला. "सूनबाई कुठं गेली? अगं, तू बघत काय उभी राहिलीस?" दादा एका बाजूला धावला, मी दुसऱ्या.

ती मला आमराईत सापडली. एका झाडाखाली बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसली होती, हात कोपरापर्यंत पांढरे, पानावर पुरणपोळी. मला बघून तिने सरकून जागा केली.

"या वन्सं. मी एकटी आले इथपर्यंत."

"आई घाबरलीय."

"हो, येते." पण ती उठली नाही. जरा वेळाने हळूच म्हणाली, "तुम्ही मला सहा महिने पाणी दाखवत फिरवलंत."

"तुम्हाला समुद्र आठवतो म्हणून."

"आठवतो तर. पण बंदरावर मी रोज एकटी बाजाराला जायची, चार माणसांशी भांडून यायची. ते जास्त आठवतं. इथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर तुमचे दादा बरोबर लागतात."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत असण्याचा मला कधी त्रास झाला नव्हता, म्हणून तो कुणाला होत असेल असं वाटलं नव्हतं.

त्या रात्री घरी जेवताना दादाने तिला विचारलं, "मग साहेबांना काय सांगू?"

वहिनी आईकडे बघत होती. आई ताटाकडे. शेवटी मीच बोलले. "आई, या आठवड्यापासून बाजाराला आम्ही दोघी जातो."

"दोघी? आन बरोबर कोण?"

"कुणी नाही."

आईने दादाकडे पाहिलं. त्याने आमटी ओरपायला घेतली. मग आई म्हणाली, "जून भेंड्या घेऊन याल. कळतं का तुम्हा दोघींना त्यातलं काही?"

"मला कळतं," वहिनी म्हणाली. आणि दादाला, "नको म्हणून सांगा. या वर्षापुरतं तरी."

बाजाराच्या दिवशी आम्ही पिशव्या घेऊन निघालो. गल्लीच्या टोकाशी पानाच्या दुकानावर बसलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली आणि माझी चाल मंदावली. मान वर केली तेव्हा वहिनी बरीच पुढे गेली होती, आणि एका म्हातारीशी वांग्यांवरून तिचं भांडण सुरू झालं होतं.