अण्णांचा कॉम्प्युटर आपोआप उठतो

अण्णांचा फोन आला की आधी पाण्याची बातमी असते. पाणी आलं, पाणी आलं नाही, टाकी भरली. गारखेड्यात राहणाऱ्या माणसाचं पंचांग नळावर चालतं. त्या दिवशी मात्र माझ्या वडलांनी पाण्याचं नावच काढलं नाही. म्हणाले, कॉम्प्युटर झोपवून ठेवला तरी आपोआप उठतो. दुपारी मी नुसता बसलेला असतो आणि पडदा उजळतो. मी हात बी लावत नाय, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि एकदा येऊन बघ म्हणाले.

हेच त्यांनी पुण्याला माझ्या धाकट्या भावालाही सांगितलं होतं आणि त्याने लगेच मला फोन केला होता. आमच्या थोरल्या काकांचं असंच सुरू झालं होतं. घरातला गॅस चालू राहायचा आणि काका शपथेवर सांगायचे, मी हात लावला नाही. सगळा जन्म कन्नड गावात गेलेला माणूस, पण शेवटी शेवटी भर बाजारात उभं राहून स्वतःचं घर कुठंय म्हणून विचारायचा. भावाचं म्हणणं असं की कॉम्प्युटर अण्णाच चालू करतात आणि विसरतात. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, तेव्हा घर बंद करून त्यांना पुण्याला आणायचं. त्याआधी मी नाशिकहून जाऊन एकदा पाहून यावं. अण्णांना मी सांगितलं, कॉम्प्युटर बघायला येते. खरं तर मी त्यांनाच बघायला निघाले होते.

त्या घरात आईचा आवाज अजून घुमतो, असलं काही मी म्हणणार नाही. घुमत नाही. पण अण्णा त्या घरात जसे असतात तसे दुसरीकडे कुठंच नसतात. माझ्याकडे आले की पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात आणि चहा मागायलाही लाजतात. त्यांना तिथून हलवायचं या विचारानेच मला भावाचा राग येत होता, आणि तो चुकत नसेल तर काय, ही भीतीही होती.

कॉम्प्युटर ठेवलाय तो आईच्या शिलाई मशीनवर. भावाच्या कॉलेजसाठी तो घरात आला तेव्हा आईने त्याला पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्या कापडाचं झालरवालं कव्हर शिवलं. पडदा आम्हाला फ्रॉक घातलेल्या मुलीसारखा दिसायचा. पुढे कॉम्प्युटरच्या टेबलाला वाळवी लागली आणि आई गेल्यावर मशीनही रिकामंच होतं. अण्णांनी मशीनचं डोकं आत पाडलं, वर फळी टाकली आणि कॉम्प्युटर तिच्यावर नेऊन मांडला.

गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर शिवून झालेत. अस्तर, हुक, रिळं आणायला आई गुलमंडीच्या बाजारात जायची आणि मला सोबत घ्यायची. रंग जुळवण्यात तिचा हात कोणी धरायचं नाही. दुकानदार दहा निळी रिळं पुढ्यात ओतायचा आणि ती नेमकं अकरावं मागायची. मला भूक लागायची, पाय दुखायचे, पण तिचं निळं काही मिळायचं नाही. आज तसं ताटकळायला मी कितीही तास देईन.

मग तिचे गुडघे गेले. पायडल मारवेना. बायकांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. त्यावर अण्णांनी तोडगा काढला. कारखान्यातून रिटायर होऊन ते नुसतेच बसलेले. ते मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, पाय खाली पायडलवर आणि तोंडासमोर पेपर. आई कापड धरायची आणि अण्णा पायडल मारायचे. ती म्हणायची, हळू. ती म्हणायची, थांबा. कोपरा वळला की नुसतं हं म्हणायची आणि मशीन पुन्हा चालू. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. जोडीने शिवलेलं ब्लाउज म्हणून चिडवायच्या. अण्णा पेपरातून मान वर काढायचे नाहीत.

गेल्या गेल्या मी कॉम्प्युटर उघडून बसले. अण्णा लांब ओट्यावर जाऊन बसले, डॉक्टर तपासत असताना नातेवाईक बाहेर बसतात तसे. आधी मी अपडेटवर संशय घेतला आणि ठरलेल्या वेळी उठवणारी सगळी कामं बंद केली. मग नेटच्या जोडणीला कॉम्प्युटर उठवायची मुभा होती, ती काढली. तो झोपवला आणि जेवायला बसलो. अण्णांनी पाणी कोणत्या दिवशी येणार, किती वेळ राहणार, कोणाची मोटार पाणी ओढते, सगळं बिनचूक सांगितलं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

जेवणानंतर मी भांडी घासायला गेले. परत आले तर पडदा लख्ख उजळलेला, आणि शेजारी अण्णा.

"बघ," ते म्हणाले. "हात बी लावला नाय."

तुला शेवटचं कोणी उठवलं, असं कॉम्प्युटरला विचारता येतं. एक ओळीची आज्ञा असते. मी ती लिहिली आणि उत्तर आलं, माउस. माउस म्हणजे हात. भाऊ खरा ठरत होता. मी चहा केला, साखर घालायची राहिली, आणि अण्णांनी तो तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटर झोपवला आणि स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसले. अण्णा आपल्या नेहमीच्या जागी, मशीनच्या बाजूला, पेपर उघडून. दोन्ही हात पेपरावर. मी हातांवरून नजर हलवली नाही. हात तसेच होते आणि पडदा उजळला.

मग मी खाली पाहिलं. अण्णांचा पाय पायडलवर होता आणि सावकाश वरखाली होत होता. शिवायला वर काही नव्हतं, तरी खालचं चाक फिरत होतं, फळी थरथरत होती आणि फळीवरचा माउस तिच्याबरोबर. मध्येच पाय थांबला, जसा कोपऱ्यावर थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाला.

मी जवळ गेले. "अण्णा, पाय बघा."

त्यांनी पेपर खाली केला आणि पाहिलं. पाय थांबला. मी कॉम्प्युटर परत झोपवला. त्यांनी आता मुद्दाम पायडल दाबलं. पडदा उजळला. त्यांनी परत झोपवायला लावला, परत दाबलं. खात्री झाल्यावर चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे डोकं जाग्यावर हाय माझं?"

"व्हय," मी म्हणाले. तिथं गेलं की माझं बोलणं आपोआप तिथलं होतं.

मग ते म्हणाले, "कॉम्प्युटरसाठी नव्हतं बोलावलं तुला. म्हटलं, येशील, दोन दिवस बसशील. तुझ्या थोरल्या काकासारखं माझं बी झालं असंल तर तुला दिसंल. मला कसं दिसणार?"

मी त्यांना खोटं सांगून आले होते आणि त्यांनी मला खोटं सांगून बोलावलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. भावाला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, अण्णा कुठंही येणार नाहीत.

डोळे पुसून मी कामाला लागले. अण्णांना म्हटलं, माउसची मुभा काढते, किंवा सरळ पायडल दोरीने बांधून टाकू, म्हणजे कटकटच नको.

त्यांनी चष्मा लावला आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"माउसचं बघ तू," ते म्हणाले. "पायाला काय करू नको."