गुढीखाली दिसलेलं जोडपं

मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस. तार जळाली की मोटार बंद, तार भरली की चालू... याच्या पलीकडे जगात काही असतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तरी मी म्हणायचो, "आधी अर्थिंग तपासा!" त्यामुळे पुढचं सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलंय. आणि निम्म्या गावासमोर घडलंय.

साल चौऱ्याहत्तर. मी त्र्याहत्तर म्हणतो, पण बायको चौऱ्याहत्तर म्हणते, म्हणजे चौऱ्याहत्तरच. गाव कोपरगावजवळ, चहूकडे ऊस. मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झालेला. तिथे आतेभावाच्या घरी मी तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. त्याला नवा सेट घ्यायचा होता, जुना मी उचलला. त्यासाठी विकलं काय? माझ्या बायकोचं, सुमनचं, शिलाई मशीन. माहेरून आलेलं. ती मळ्यात गेलेली असताना, तिला न विचारता.

हा झाला निम्मा मूर्खपणा. उरलेला असा, की रेडिओला मुंबई लागते तर टीव्हीला का लागणार नाही, असं मी धरून चाललो होतो. मुंबईचं चित्र आमच्याकडे पोचतच नाही, हे मला — गावातल्या विजेच्या एकमेव जाणकाराला — सेट घरी आल्यावर कळलं. लांब बांबूला अँटेना बांधून छपरावर उभी केली, सगळ्या दिशांना फिरवली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "काय मिस्तरी, आज मुंग्यांनी कोन्ता पिच्चर दावला?"

सुमन भांडली नाही. त्याहून वाईट... ती बोलायचीच थांबली.

पाडव्याच्या सकाळी गुढीसाठी काठी शोधली तर काठी छपरावर, अँटेनाखाली! अँटेनाला फणी म्हणणारी आई म्हणाली, "काडायची कशाला? त्या फनीवरच बांद." मग माझ्या अँटेनावर जरीची साडी चढली, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या.

दुपारी सुमनचा थोरला भाऊ आला. तिला न्यायलाच.

"पाव्हनं, माज्या भनीचं मशीन इकून तुमी खोकं आनलं. आता खोक्यालाच म्हना भाकरी थाप!"

संध्याकाळच्या एसटीने दोघं निघणार होते. परत कधी, ते कुणीच बोलेना. सुमन ट्रंक घेऊन ओसरीवर बसली. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच टीव्हीचं बटण फिरवलं.

आणि चित्र आलं! स्वच्छ, बोलणारं.

एक नवरा-बायको होते. त्याला टक्कल, तिचे दात पुढे. तो थापाड्या, ती आळशी. बायको खानावळीतून गुपचूप डबा आणून स्वतः रांधल्याचं सांगायची, आणि नवरा त्या चवीला कंटाळून गुपचूप जेवायला जायचा... त्याच खानावळीत! पहिला घास घेऊन म्हणायचा, "हात्तिच्या, आमटी तर अगदी आमच्या हिच्यासारखी!"

ओसरी भरली, अंगण भरलं. मेहुणे दारात उभे राहून बघत होते. शेवटी डबा न्यायला आलेली बायको आणि पानावर बसलेला नवरा खानावळीत समोरासमोर आले, आणि इकडे आई ओरडली, "दिवस बुडाला! गुढी उतरवा!"

गुढी उतरवली तर चित्र जाणार, नाही उतरवली तर आई बोलणार. मग सुमन म्हणाली... कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला...

"आत्याबाई, वाईच थांबा. ह्या दोगांचं काय हुतंय ते कळू द्या."

पडद्यावर नवरा जरा सरकला आणि बायकोला म्हणाला, "बस. आज तुझ्या हातचं आपण दोघं मिळून खाऊ."

सुमन खळखळून हसली. अंगण हसलं, आई हसली. मेहुणे पदर नसल्यामुळे टोपीने डोळे पुसत होते. तेवढ्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"सुमे, चल!"

"तू जा दादा. मला ह्यांच्याकडनं मशीन वसूल करायचंय. तिकडं बसून कसं व्हायचं?" मग माझ्याकडे वळून, "ह्यो गडी त्या टकल्यापरीस बरा हाय. ह्याला थाप तरी धड मारता येत न्हाई."

गुढी उतरवली, चित्र गेलं. ते गेलंच. दुसऱ्या दिवशी मी साडी, डहाळा, तांब्या, सगळं पुन्हा चढवलं. मुंग्या! महिन्याभरात सेट विकून मशीन घरी आणलं.

आतेभावाला विचारलं. तो रोज टीव्हीसमोर बसणारा. म्हणाला, असं जोडपं कधी लागलंच नाही, आणि त्या संध्याकाळी तर मुळीच नाही. पुढे एका इंजिनीअरने समजावलं की हवा तापली की लहरी कधीकधी फार लांब जातात. जात असतील हो... पण या निघाल्या कुठून?

नंतर गावात खरा टीव्ही आला. त्यातल्या देखण्या नवरा-बायकोंकडे बघून सुमन म्हणते, "ह्यांच्यात एक खोड न्हाई. संसार करत्यात का फोटो काडत्यात?"

ती दोघं कोण होती, मला आजही सांगता येणार नाही. सुमन म्हणते, कुणी का असंनात, आपला संसार त्यांनी वाचवला. मी म्हणतो, मी वाचवला, टीव्ही मीच आणला होता ना?

यावर ती जे म्हणते, ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.