रिळातल्या माणसांची चाल

गेलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या चालीनं चालवणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या हिचा मामा आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. मामा भिंगारला राहतात. कचेरीतून निवृत्त झाले आणि घरगुती फिल्मची जुनी रिळं टीव्हीवर दिसतील अशी करून द्यायचं खूळ त्यांनी घेतलं. समोरच्या खोलीत प्रोजेक्टर, त्याच्यापुढे कॅमेरा, आणि प्रोजेक्टरचा वेग सांभाळायला छताच्या पंख्याचा काढलेला रेग्युलेटर. ऐन मे महिन्यात मी घामानं निथळत कुरकुरलो, तर म्हणाले, "जावईबापू, वाऱ्यानं धूळ बसते." रीळ आलं की आधी त्याचा वास घेणार, खराब होऊ लागलेल्या फिल्मला आंबूस वास येतो. अशा दिवशी तो वास घरभर सुटतो, आणि मामी आम्हाला सावेडीला फोन करून सांगते, जेवूनच या बाबा.

पण त्यांचा खरा जीव वेगात. जुने हौशी कॅमेरे सेकंदाला टीव्हीपेक्षा कमी चित्रं टिपायचे, त्यामुळे रीळ तसंच उतरवलं की माणसं पळत सुटतात. नवरदेव एसटी चुकल्यासारखा बोहल्यावर चढतो. लोक हसतात आणि मामांचं डोकं फिरतं.

राहुरीकडच्या एक आजी रीळ घेऊन आल्या. फौजेतल्या दिरानं मळ्यात काढलेलं, नवऱ्याचं हलतंचालतं चित्र असं तेवढंच. आधी कुठल्याशा दुकानात उतरवून आणलं, तर आजींचे मालक टीव्हीवर टुणटुण उड्या मारत आले. बैलानं पाय तुडवल्यापासून ते लंगडायचे. नातवंडांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही. ती तेव्हापासून 'उड्या मारणारा आज्जा' म्हणून हसतात. आजींना तेच लागलं होतं.

मामांनी सरळ विचारलं, "आक्का, ते चालायचे कसे? चालून दाखवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी मात्र पदर खोचला आणि त्या खोलीत एक पाय ओढत, सावकाश, माझ्यासमोरून गेल्या. मामांनी त्यांच्या पावलांकडे बघत रेग्युलेटर फिरवला. पडद्यावरचा माणूस हळू झाला. आजी म्हणाल्या, अजून. तो अजून हळू झाला, बांधावर टेकला, कमरेवर हात ठेवून त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"व्हय," आजी म्हणाल्या. "हे हायेत. आता पोरास्नी दावते त्यांचा आज्जा."

मामा चष्मा पुसत बसले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्या दिवशी पंख्याचं नावही काढलं नाही.

हल्ली मामा थकलेत. परवा मला फाटकापर्यंत पोचवून परत फिरले, तेव्हा मी मोबाईलवर त्यांचं गुपचूप चित्रण केलं. घरी बघताना सवयीनं बोट चित्रण पुढे ढकलायला गेलं. मी ते मागे घेतलं, आणि मामा दारापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिलो.